‘समजलं का?’ म्हटलं की सगळ्या माना हलतात

गणितवाली:
यंदा नववीचा नवा वर्ग मिळालाय. मी वडिलांशीही हुज्जत घालत वाढलेली; या मुलांच्या घरी मोठ्यांना उलट विचारणं म्हणजे उर्मटपणा. ‘समजलं का?’ म्हटलं की चाळीसच्या चाळीस माना हलतात, आणि चाचणीत अर्धी पानं कोरी. परवा एकाला रागावले, ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हटलं. तो आणखीच खाली बघायला लागला, कान लालभडक. मला वाटलं, बेपर्वाई. नंतर सहकारी बाईंकडून कळलं, त्यांच्याकडे मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवत नाहीत. म्हणजे पोरगा मला मान देत होता नि मी त्याच्यावर डाफरत होते! आता या वर्गाला बोलतं कसं करू?

जुना खडू:
प्रश्न विचारून तुम्ही किती थांबता, मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत हे तपासलं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलली. मी मनात ‘एकवीस, बावीस, तेवीस’ म्हणतो. पहिले आठ दिवस नुसता पंखा ऐकू येतो.

सरळमार्गी:
सगळं संस्कृतीवर ढकलू नका. काही पोरं अभ्यासच करत नाहीत.

मागचा बाक:
मी त्याच गप्प मुलांतली. फळ्यापाशी उभं केलं की पाढेसुद्धा विसरायचे, आणि तेच गणित शेजारणीला समजावून द्यायचे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज या मूलनिवासींच्या वस्तीत मानवशास्त्रज्ञ सुझन फिलिप्स यांना हेच दिसलं होतं: सगळ्यांसमोर एकेकटं बोलायला कचरणारी मुलं गटात मोकळी बोलत. ‘समजलं का’ला ‘नाही’ म्हणणं म्हणजे आम्हाला ‘बाई, तुम्हाला शिकवता येत नाही’ म्हटल्यासारखं वाटायचं. बिननावी चिठ्ठ्या घ्या, ‘कुठे अडलं?’

गणितवाली:
घेतल्या! एकोणीस चिठ्ठ्यांत एकच प्रश्न, ऋण गुणिले ऋण धन कसं? मी ते सातवीत झालं म्हणून गृहीत धरलेलं. एकीत, ‘बाई, फळा फार लवकर पुसता.’ (सरळमार्गी, अभ्यास न करणारेही आहेतच, पण हे एकोणीस त्यातले नाहीत.) त्या मुलाच्या शेजारी बाकावर बसले, दोघांची नजर वहीवर. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून तोच म्हणाला, ‘इथं चिन्ह चुकलं.’ वर मात्र अजून बघत नाही. मीही सांगितलं नाही.