सासूबाईंचा सहकारनगरचा फ्लॅट विकायचाय, आधी खर्च करावा का?

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे कोथरूडला आल्या. त्यांचा टू बीएचके बंद आहे. १९८६ची सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मोझॅकच्या फरश्या, कडप्प्याचा ओटा, बाथरूमच्या भिंतीला ओल. एजंट म्हणतो व्हिट्रिफाइड टाइल्स टाका, मॉड्युलर किचन करा, गिऱ्हाईक लगेच मिळेल. नवऱ्याला पटलंय, मला नाही.

शिवाय सामान. आमच्याकडे आता तीन कुकर आणि दोन पुरणयंत्रं झालीत, तरी तिकडचा माळा भरलेलाच आहे. पितळेची भांडी मोडीत घालायची ठरवली, पण प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. सासूबाई चष्मा लावून वाचतात, "ही तर आमच्या मावशीनं मुंजीत दिलेली," की पातेली परत आत. रागावताही येत नाही.

कागद सासऱ्यांच्या नावावर, नॉमिनी सासूबाई. मृत्युपत्र नाही. नणंद नाशिकला.

– कोथरूडची सून

पर्वतीकर: टाइल्सवर एक रुपया घालू नका. एवढ्या जुन्या सोसायटीत येणारा माणूस फरशी बघत नाही, रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय ते विचारतो. आणि ज्याला राहायचंय तो तुमचं किचन तोडून स्वतःच्या आवडीचं करणार. ओल मात्र काढा, आणि नुसता रंग मारून झाकू नका, पावसाळ्यात बघायला आलेल्याला पोपडे दिसतातच. पांढरा रंग द्या, खिडक्यांसमोरची कपाटं हलवा, नळ गळत नाहीत ना बघा. बास.

निवृत्त सेक्रेटरी: ताई, रंगाच्या आधी कागद! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर सासूबाई, तुमचे यजमान आणि नणंद तिघांचा सारखा हिस्सा (सासऱ्यांच्या आई हयात असतील तर त्यांचाही). एक तर तिघांनी विक्रीच्या करारावर सह्या करायच्या, नाहीतर दोघांनी सासूबाईंच्या नावे हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर करायचं. नणंदेशी आजच बोला, गिऱ्हाईक दारात आल्यावर नको. मग शेअर सर्टिफिकेट, मूळ करार, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मिळकतकराची पावती एका फायलीत लावा. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का विचारा, बिल्डरच्याच नावावर जमीन असली की बँका कुरकुरतात. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) आपल्याकडे जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर 'ऐच्छिक देणगी' मागितली तर लेखी मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आकडेमोड: टॅक्सचं विसरू नका. घर २००१च्या आधीचं असल्यानं खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची किंमत धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या. मग नफ्यावर २० टक्के इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) किंवा १२.५ टक्के त्याविना, जे कमी पडेल ते. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापेल, म्हणून पॅन हाताशी ठेवा. आकडे मात्र सीएकडून तपासून घ्या.

कोथरूडची सून: नणंदेला फोन केला. ती म्हणाली, सही केव्हाही करते, पण पितळेचं घंगाळ मला हवं. सासूबाई लगेच कबूल. टाइल्सवाल्याला नको म्हणून कळवलंय, प्लंबर रविवारी येतोय. उरलेल्या भांड्यांचं काय करावं, कुणी सांगा ना.

पर्वतीकर: आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाका. ज्याचं नाव, त्यानं न्यावं. उरेल ते तांबट आळीत.