मदत हवी आहे : डायबोलो सतत एका बाजूला कलतो

नमस्कार मंडळी, माझ्या बारा वर्षांच्या मुलीला डायबोलोचं वेड लागलंय. दोन वाट्या बुडाशी जोडल्यासारखा तो भोवरा, दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवायचा. मूळ चीनचा खेळ. आमच्याकडे बेअरिंग नसलेला, रबराच्या वाट्यांचा आहे.

रोज संध्याकाळी ऊन उतरलं की गच्चीवर सराव चालतो. उजव्या हाताने झटके देऊन वेग छान येतो, गूं आवाजही येतो. पण वीसेक झटक्यांनंतर जवळची वाटी खाली झुकते, दोरी तिच्या कडेला घासते आणि भोवरा हळूहळू गोल वळायला लागतो. ती पण त्याच्यासोबत वळत राहते, शेवटी दोरी गुंतते. काल तर रडकुंडीला आली हो पोरगी.

अशा वेळी उजवी काठी पुढे न्यायची की मागे? मी आजवर साधा भोवराच फिरवलाय, त्यामुळे मला सांगता येत नाही.

दुसरं, दोरी मधोमध पिंजली आहे. घरातली सुती सुतळी लावून पाहिली, ती आसाला चिकटते. सीताबर्डी किंवा इतवारीत गुळगुळीत, न पिळलेली नायलॉन दोरी कुठे मिळेल? नागपुरात कुणी शिकवत असेल तर नक्की सांगा. धरमपेठेच्या जवळपास असेल तर फारच बरं.