पहिल्याच आठवड्यात तयारी कमी पडते आहे, की जास्त होते आहे?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. पदव्युत्तर शिक्षण संपवून मी नुकतीच महाविद्यालयात सांख्यिकी शिकवू लागले असून प्रथम वर्षाच्या वर्गावर माझे आतापर्यंत तीन तास झाले आहेत. पहिल्या तासासाठी काढलेली टिपणे ५० मिनिटांऐवजी २७ मिनिटांतच संपली आणि उरलेल्या वेळात काय बोलावे हे सुचेना. म्हणून दुसऱ्या तासासाठी मी १२ पाने लिहून नेली, आणि ती पुरी करण्याच्या घाईत फळा पुसण्यापूर्वी विद्यार्थ्यांचे उतरवून झाले की नाही हेही पाहिले नाही. अधूनमधून 'समजले का?' असे विचारत होते आणि माना डोलत होत्या. तिसऱ्या तासाला सरासरी आणि मध्यक (संख्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या) यांवर एक साधा प्रश्न घातला, तेव्हा ६० जणांपैकी जेमतेम सहा-सात जणांना उत्तर काढता आले.

एका तासाच्या तयारीला सध्या माझे पाच-सहा तास जातात. त्याहून अधिक वेळ माझ्याकडे नाही. मग चुकते कोठे आहे?

प्रतिसाद १

तुमची तयारी कमी नाही, किंबहुना तीच आड येते आहे. जे लिहून नेले ते सगळे बोलून झालेच पाहिजे असे एकदा मनाने घेतले, की समोरचे चेहरे दिसेनासे होतात.

आपल्याला जे पाठ आहे ते दुसऱ्याला किती अनोळखी असते, याचा अंदाज आपला आपल्याला येत नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी एक प्रयोग केला होता. एकाने परिचित गाण्याचा ठेका बोटाने टेबलावर वाजवायचा आणि दुसऱ्याने ते गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात अख्खी चाल घुमत असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते. तुमची १२ पाने वर्गाने तशीच ऐकली असावीत.

'समजले का?' हा प्रश्न तर सोडूनच द्या, कारण त्याला 'हो' म्हणणे सर्वांत सोपे असते. त्याऐवजी फळ्यावर २, ३, ४, ५ आणि ३६ या संख्या लिहा आणि यांतील किती संख्या सरासरीपेक्षा लहान असतील, असे विचारा. सरासरी १० येते, म्हणजे पाचांतल्या चार संख्या तिच्याखाली राहतात. सरासरी म्हणजे बरोबर मधली संख्या असे ज्याने धरलेले असते तो येथे अडतो, आणि मध्यक, जो येथे ४ आहे, तो वेगळा का काढायचा हे त्याला विचारावेसे वाटते.

प्रश्न विचारल्यावर थांबा मात्र. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी शाळांतील तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे मोठी येऊ लागली आणि गप्प बसणाऱ्यांची संख्या घटली. ही शांतता मला सुरुवातीला सोसत नसे, म्हणून मी तेवढा वेळ हाताचा खडू पुसत बसत असे.

प्रतिसाद २

वरील म्हणणे मान्य आहे, परंतु थांबल्यानंतर हात वर करणारे नेहमी तेच चार जण असतात, ही अडचण त्यात राहून गेली आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझुर यांनी १९९१ पासून वापरलेली रीत अशी, की प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि त्यानंतर पुन्हा उत्तर द्यायचे. रीत चांगली आहे. फक्त पहिल्या आठवड्यात मी ती लगेच वापरणार नाही. शेजारी बसलेल्याचे नावही ठाऊक नसताना मुले वाद घालत नाहीत, हसून गप्प बसतात. सध्या प्रत्येकाला उत्तर वहीत लिहू द्या आणि तुम्ही बाकांमधून फिरून पाहा. दोन रांगा पाहिल्या तरी गाडी कोठे अडली आहे ते कळते.

टिपणांच्या समासात 'हे राहिले तरी चालेल' अशी खूण करत चला. माझ्या पानांवर ती निम्म्या मजकुरापुढे असते.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न

दोघांचेही आभार. एक गोष्ट संकोचामुळे आधी लिहिली नव्हती. नमुन्याचे विचरण, म्हणजे मोठ्या समूहातून घेतलेल्या काही संख्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचे माप, काढताना मी सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला एकूण संख्येने भागले, तेव्हा पुढच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने एक वजा करून भागायला हवे ना, असे विचारले. तिचे बरोबर होते. मी 'ते नंतर पाहू' म्हणून विषय बदलला. आता पुढच्या तासाला तो विषय काढावा, की विसरला गेला असेल असे धरून पुढे जावे?

प्रतिसाद ३

विसरले कोणीही नसेल, तिच्या शेजारी बसलेले तर नाहीच. पुढचा तास त्याच चुकीने सुरू करा, आणि दिलगिरी एका वाक्यात आटोपा, कारण ती लांबली की वर्गाला तुमचे सांत्वन करावे लागते. वर आलेल्याच पाच संख्या घ्या. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ८५० येते. ५ ने भागल्यास १७० आणि ४ ने भागल्यास २१२.५. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर फरकांची बेरीज नेहमी शून्य होते हे दाखवा, म्हणजे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो आणि मोकळे असे चारच उरतात, हे त्यांना स्वतःच दिसेल. नमुन्याची सरासरी त्याच संख्यांतून काढलेली असल्यामुळे ५ ने भागल्यास विचरण एरवी मूळ समूहाच्या विचरणापेक्षा सरासरीने कमी भरते, हे त्यापुढचे पाऊल झाले. शंका कोणी काढली हे नाव घेऊन सांगा. पण तिलाच फळ्यापाशी बोलावू नका, सर्वांनाच ते आवडते असे नाही.

प्रश्नकर्ती

आज तसेच केले. वरच्या दोन उत्तरांपैकी कोणते कधी वापरायचे यावर मागच्या बाकांवरून दोन प्रश्न आले, आणि त्यांतल्या एकाचे उत्तर मला उद्या द्यायचे आहे. टिपणांची चारच पाने झाली.