कीस्टोन प्रजाती आणि प्रबळ प्रजाती यांतील फरक

ज्या प्रजातीची संख्या परिसंस्थेत सर्वांत जास्त तीच कीस्टोन प्रजाती, असे काही जण म्हणतात. पण ती व्याख्या प्रबळ प्रजातीची झाली. कीस्टोन प्रजातीचा प्रभाव तिच्या संख्येच्या किंवा जैवभाराच्या (म्हणजे तिच्या सर्व जीवांच्या एकूण वजनाच्या) मानाने खूपच मोठा असतो. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यातून पिसॅस्टर हा तारामासा सातत्याने काढून टाकला, तेव्हा त्याचे भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी हळूहळू खडकावरची जागा व्यापली आणि तेथील प्रजातींची संख्या 15 वरून 8 वर आली, असे त्यांनी 1966 मध्ये नोंदवले. शिंपले तेथे आधीही होतेच, त्यांची स्पर्धा केवळ या भक्षकामुळे आटोक्यात होती. परीक्षेच्या उत्तरात ही कार्यकारणसाखळी अवश्य लिहावी, कारण नुसत्या व्याख्येतून संकल्पना समजल्याचे दिसत नाही.

कीस्टोन प्रजाती शिकारीच असावी लागते असेही नाही. सह्याद्रीतील वड, उंबर यांसारखी फायकस वंशातील झाडे इतर फळे दुर्मीळ असतानाही फळतात आणि धनेश, हरियाल, वटवाघळे, माकडे यांना त्या काळात आधार देतात. म्हणूनच अनेक अभ्यासक त्यांना याच गटात धरतात.