चार महिने उभी राहिलेली १५० सीसी गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते : नवा कार्ब्युरेटर खरोखर लागेल का?

घाटवाट :

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, एका सिलिंडरची १५० सीसी मोटारसायकल असून तिला सीव्ही पद्धतीचा, म्हणजे निर्वाताने हलणाऱ्या रबरी पडद्याचा, कार्ब्युरेटर आहे. आजवर ती सुमारे ६८,००० किलोमीटर चालली आहे. यंदा जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ती चिपळूणच्या घरी पडवीत उभी होती आणि त्या चार महिन्यांत एकदाही सुरू केली गेली नाही. ऑक्टोबरमध्ये बॅटरी चार्ज करून, चोक ओढून सुरू केली तेव्हा पहिली चार-पाच मिनिटे ती ठीक चालली. चोक बंद करताच मात्र आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालणे, डळमळू लागले. इंजिन गरम झाल्यावर आरपीएमचा काटा कधी ९०० वर येतो, कधी रेस सोडल्यानंतरही १,८०० वर रेंगाळतो आणि मग एकदम खाली येतो. सिग्नलला थांबल्यावर दोनपैकी एकदा तरी गाडी बंद पडतेच. वेगात काहीही तक्रार नाही. साठच्या पुढे ती पूर्वीसारखीच ओढते. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून बारीक फटफट ऐकू येते.

येथील मेकॅनिकने नवा प्लग टाकला, एअर फिल्टर बदलला आणि आयडलिंगचा स्क्रू आवळून आरपीएम वाढवून दिले. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आता कार्ब्युरेटरच बदलावा असे त्यांचे म्हणणे आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे पान्यांचा संच आणि फीलर गेज आहे.

जुना_पाना :

तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे निदान त्यातच झाले आहे. गाडी वेगात चांगली ओढते याचा अर्थ मेन जेट, नीडल (वेगात पेट्रोल देणारे भाग) आणि टाकीतून येणारा पुरवठा यांना दोष देण्याचे कारण नाही. रेस पूर्ण सोडलेली असताना इंजिनला जे थोडेसे पेट्रोल मिळते ते पायलट जेटमधून, म्हणजे ज्याला आपले मेकॅनिक स्लो जेट म्हणतात त्यातून येते, आणि त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. चार महिने उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतले, पेट्रोल हळूहळू उडून जाते, मागे चिकट थर राहतो, आणि तो सर्वांत आधी याच छिद्रात बसतो.

परंतु स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून पूर्ण गरम करा, आयडलिंग डळमळत असतानाच चोक सावकाश अर्धा ओढा (त्याने हवेच्या मानाने पेट्रोल वाढते) आणि काटा पाहा. इंजिन सावरले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरते आहे. उलट इंजिन गुदमरून बंद पडले तर मिश्रण आधीच घट्ट आहे आणि शोध फ्लोटच्या पातळीकडे वळवावा लागेल. काहीच फरक पडला नाही तर कार्ब्युरेटर सोडून प्रथम टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातले अंतर, पाहा. रेस सोडल्यावर काटा वर रेंगाळणे आणि उतारावरची फटफट यांवरून माझा कौल पातळ मिश्रणाला आहे.

आयडलिंगचा स्क्रू आवळून देणे हा उपाय नव्हे. त्याने बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी चकती, किंचित उघडी राहते आणि मूळ दोष काही दिवस झाकला जातो, इतकेच.

कोकणचा_स्वार :

माझ्या गाडीचे असेच झाले होते. पायलट जेट काढून त्यातून क्लच केबलची एक बारीक तार फिरवली आणि दहा मिनिटांत काम झाले. एवढ्यासाठी कार्ब्युरेटर बदलण्याची मुळीच गरज नाही.

जुना_पाना :

निष्कर्षाशी सहमत, तारेशी नाही. जेट पितळेचे असते आणि केबलची तार पोलादाची. छिद्र थोडे जरी खरवडले गेले तरी त्याचे माप कायमचे बदलते आणि पुढे कितीही ट्यूनिंग केले तरी गाडी नीट लागत नाही. तुमचे काम निभावले हे खरे, पण हा सल्ला दुसऱ्याला देऊ नये असे मला वाटते. कार्ब क्लीनरमध्ये जेट रात्रभर भिजवून दाबाच्या हवेने फुंकावे, आणि एवढे करूनही न उघडल्यास त्याच क्रमांकाचे नवे जेट टाकावे. ते संपूर्ण कार्ब्युरेटरच्या मानाने फारच स्वस्त पडते.

सीव्ही कार्ब उघडताना वरच्या झाकणाखालील रबरी पडदा आधी काढून बाजूला ठेवा. क्लीनर लागला तर तो फुगतो आणि दाबाची हवा लागली तर फाटतो. मग आयडलिंगचा प्रश्न सुटून ओढीचा प्रश्न सुरू होतो. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. त्याच्या टोकाशी स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग असते. ही ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि पुष्कळदा क्लीनरबरोबर वाहून जाते. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

घाटवाट :

दोघांचेही आभार. रविवारी सांगितल्याप्रमाणे परीक्षा केली. गरम इंजिनावर अर्धा चोक ओढताच काटा १,४०० वर स्थिर झाला आणि चोक ढकलताच पुन्हा खाली आला.

त्यानंतर फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले. तळाशी चमचाभर पाणी वेगळे दिसत होते आणि त्यात तांबूस गाळ होता. पायलट जेट उजेडाकडे धरले तर आरपार काहीच दिसेना. रात्रभर भिजवून फुंकल्यावर छिद्र गोल आणि स्वच्छ दिसू लागले. टाकीतले जुने पेट्रोलही काढून टाकले. आता गाडी थंड असताना उत्तम चालते आणि सिग्नलला बंद पडणेही बरेच कमी झाले आहे. पण वीसेक मिनिटे चालवल्यावर काटा वर रेंगाळण्याचा त्रास कायम आहे. ते पाणी पावसाचे असेल का?

यंत्रवेडा :

पाऊसच कारण असेल असे नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने उभी असलेली टाकी हे त्यासाठी अगदी सोयीचे ठिकाण. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. पुढच्या वर्षी गाडी उभी करण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून चेंबर रिकामे करा.

उरलेल्या दोषाबद्दल मला दोन जागांचा संशय आहे. पहिली, कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांना जोडणारे मॅनिफोल्डचे रबर. बटरफ्लाय बंद असते तेव्हा तिच्या इंजिनाकडच्या भागात निर्वात सर्वाधिक असतो, म्हणून केसाएवढी चीरही आयडलिंगला पुष्कळ हवा आत ओढते. रेस दिली की तीच चीर नगण्य ठरते. बारा-तेरा वर्षांचे रबर गरम होऊन हलले की चीर उघडते, आणि हे तुमच्या वर्णनाशी जुळते. काही जण अशा वेळी इंजिन चालू ठेवून तिथे कार्ब क्लीनर मारतात, परंतु तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारी तो उद्योग करू नये. स्प्रेच्या बाटलीत साधे पाणी घेऊन रबराच्या सांध्यांवर थोडे थोडे फवारा. पाण्याने चीर क्षणभर बुजते आणि आयडलिंगचा सूर बदललेला लगेच ऐकू येतो. फवारा प्लगच्या टोपीवर जाऊ देऊ नका.

दुसरी जागा टॅपेट. आपल्याकडे टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ठीक आहेत, असा एक समज आहे. वाजणारा टॅपेट निदान आपला दोष सांगतो तरी. न वाजणारा एक्झॉस्ट टॅपेट आवळलेला असेल, तर इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, आयडलिंग बिघडते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर असताना, फ्लायव्हीलवरील टी ही खूण जुळवून अंतर मोजा. लहान इंजिनांत ते बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते; तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्या.

घाटवाट :

उशिरा लिहितो आहे, पण काम झाले. पाणी फवारल्यावर पहिल्या दोन वेळा काहीच कळले नाही, कारण मी वरच्या बाजूने फवारत होतो. तिसऱ्या वेळी खालून फवारले तेव्हा १,७०० वर रेंगाळलेला काटा एकदम १,२०० वर आला. रबर काढून वाकवून पाहिले तर खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेने, नखभर चीर होती. सरळ धरल्यावर ती दिसतही नव्हती. रबर आणि हेडकडची ओ-रिंग दोन्ही बदलले. टॅपेटमध्ये इनटेकचे अंतर बरोबर होते. एक्झॉस्टमध्ये मात्र ०.०५ चे पातेही शिरले नाही. ते पुस्तिकेप्रमाणे लावले.

शेवटी दहा किलोमीटर चालवून आणून, मिश्रणाचा स्क्रू पूर्वीच्या मोजलेल्या दोन फेऱ्यांवर ठेवला, तेथून पाव-पाव फेरा फिरवत आरपीएम सर्वाधिक होईल तो बिंदू शोधला आणि मग आयडलिंगचा स्क्रू सैल करून १,४०० वर आणले. काल कुंभार्ली घाट चढून कराडपर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. उतारावरची फटफट कमी झाली आहे, पण पूर्ण गेलेली नाही. मिश्रण अजून थोडे घट्ट करावे का?

जुना_पाना :

मिश्रणाला आता हात लावू नका. सायलेन्सर जिथे हेडला जोडला जातो तिथल्या नटांभोवती काळी काजळी आहे का ते पाहा. असल्यास गॅस्केट गेले आहे. रेस सोडल्यावर त्या फटीतून बाहेरची हवा आत जाते आणि न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्येच पेटते. नवे गॅस्केट टाका आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. गंजलेला स्टड जोर लावून फिरवू नका. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवा.