नानांच्या डोळ्याबद्दल, प्लीज सगळ्यांनी वाचा

सी-४०१ वहिनी: नमस्कार. कालपासून ग्रुपवर नानांच्या डोळ्यासाठी गुलाबपाणी, मध, त्रिफळा असं सगळं येतंय. काळजीपोटी येतंय हे कळतं पण प्लीज थांबवा. त्यांचे डोळे आलेले नाहीत. उजव्या डोळ्याचं प्रेशर ५२ निघालंय, नॉर्मल २१ च्या आत असतं. शुगरमुळे झालेला काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर वाढून नजर जाते तो आजार.

ए-१०३ माई: अगं बाई. परवा देवळात भेटले तेव्हा नुसता लाल दिसत होता. आता कसं आहे गं?

बी-२०२ अण्णा: पण नानांचं ऑपरेशन झालंय ना मागे, मग परत कसा?

बी-३०४ ताई: अण्णा ते मोतीबिंदूचं. त्यात भिंग गढूळ होतं, बदललं की काम झालं. हा काचबिंदू वेगळा, आणि त्यातही नेहमीचा काचबिंदू गुपचूप येतो, हा ठणकत येतो. माझी अख्खी नोकरी नेत्रविभागात गेली म्हणून सांगते. शुगरने मागच्या पडद्याला रक्त कमी पडतं, मग तिथे नको त्या नवीन रक्तवाहिन्या फुटतात आणि पुढे बुबुळापर्यंत येतात. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा ज्या कोपऱ्यातून होतो तिथेच जाळं धरतात. पाणी तुंबलं की प्रेशर चढतं.
ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही.

डी-५०१: पाणी तुंबण्यावरून आठवलं, बी विंगच्या गच्चीवरचा पाइप कधी साफ होणार?

सेक्रेटरी: प्लंबरला सांगितलंय. तो विषय आत्ता नको.

डी-५०१: मग कधी? मीटिंगला कोरम नसतो.

सी-४०१ वहिनी: रात्री डोकं फुटेल इतकं दुखत होतं, उलट्या, आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय म्हणत होते. आणि रिक्षा आत येईना कारण गेटसमोर गाडी. कोणाची ते लिहीत नाही.

ए-२०५: लिहा की वहिनी, सगळ्यांना माहीत आहे 🙏

बी-२०२ अण्णा: दहा मिनिटं उभी होती. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कोणाची स्कूटर वर्षभर धूळ खातेय तेही जरा बघा.

बी-३०४ ताई: पुन्हा लिहिते. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्या. दिसतंय नीट म्हणून थांबू नका, पडदा खराब होत असतानाही बरेच दिवस नीटच दिसतं.

ए-१०३ माई: माझ्याकडे केमिस्टने दिलेले ड्रॉप्स आहेत, लाली लगेच जाते. पाठवू का?

बी-३०४ ताई: माई नको! अशा ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्यानेही काहींचं प्रेशर वाढतं. डॉक्टर देतात तेव्हा मोजून मापून देतात.

सी-४०१ वहिनी: नानांना प्रेशर उतरवायला आधी शिरेतून मॅनिटॉल औषध दिलं, मग त्यासाठीच डायमॉक्सच्या गोळ्या आणि ड्रॉप्सच्या तीन बाटल्या, प्रत्येकीची वेळ वेगळी, मी फ्रिजवर कागद लावलाय. गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि काही चवीला लागत नाही म्हणून चिडलेत. काल डोळ्यात ॲव्हास्टिनचं इंजेक्शन झालं, त्या नवीन रक्तवाहिन्या सुकवायला.

ए-२०५: डोळ्यात सुई??

सी-४०१ वहिनी: डोळा आधी बधिर करतात. नाना म्हणाले कॅरमच्या स्ट्रायकरने जास्त लागतं 😄

बी-३०४ ताई: मुंग्या येणं अपेक्षित आहे, पण किडनीचा त्रास किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर डायमॉक्सआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. आणि वहिनी, इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून लेसर पुढे ढकलू नका हं. त्या रक्तवाहिन्या चार-सहा आठवडे सुकतात, परत फुटतात. तेवढ्या वेळात पडद्यावरचा लेसर पूर्ण व्हायला हवा, दोन-तीन सिटिंग लागतात. खरा इलाज तो. ड्रॉप्स नुसतं प्रेशर खाली धरून ठेवतात.

बी-२०२ अण्णा: आणि तरी नाही उतरलं तर?

बी-३०४ ताई: तर ऑपरेशन, तुंबलेलं पाणी काढायला बारीक नळी बसवतात. त्यातल्या अहमद व्हॉल्व्ह नावाच्या नळीने प्रेशर लगेच उतरतं. मदुराईच्या ऑरोलॅबचं इम्प्लांट स्वस्त पडतं पण त्याला काम सुरू करायला काही आठवडे लागतात. कुठलं ते डॉक्टर प्रेशर बघून ठरवतात.
शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा थेंब टाकून

डी-५०१: ताई तिसऱ्यांदा आला हा मेसेज.

बी-३०४ ताई: येऊ दे. या बिल्डिंगमध्ये दर दुसऱ्या घरात शुगर आहे, आणि आपण बोलतोय पाइपवर.

सी-४०१ वहिनी: उजव्या डोळ्याने नानांना सध्या फक्त समोर हात हललेला कळतो. गेलेली नजर येईल याची खात्री नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आधी दुखणं थांबवायचं आणि आहे ते टिकवायचं. डाव्या पडद्यावरही रक्तवाहिन्या सुरू झाल्यात, गुरुवारी त्यालाही लेसर. तो डोळा मला जाऊ द्यायचा नाहीये.

बी-२०२ अण्णा: गुरुवारी मी सोडतो नानांना. माझाही पडदा दाखवतो तिथेच.

बी-३०४ ताई: मग गाडी तुम्ही चालवू नका, त्या थेंबांनी तीन-चार तास धूसर दिसतं.

डी-५०१: मी चालवतो. किती वाजता?

सी-४०१ वहिनी: साडेनऊ. फाइल आणि गोळ्यांची यादी मी घेते, किडनीसाठी क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्टही मागितलाय तो संध्याकाळी मिळेल.