पहिला अर्ज कुणी लिहिला? सीमाभागातील बायकांचे अनुभव

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत पंधरा-वीस जणी जमल्या होत्या आणि वाण लुटून झाल्यावर गप्पा निघाल्या त्या गावकामाच्या. कुणी अंगणवाडीच्या छपरासाठी खेटे घातले होते, कुणी पुरात भाकऱ्या पोचवल्या होत्या, तर एकीने पंचायतीची निवडणूक लढवली होती. प्रत्येकीच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. काम सुरू करायला हिंमत लागते, पण ते टिकवायला कागद लागतो. आणि आपले बोलणे मराठी, कचेरीचा कागद कानडी, त्यामुळे तो लिहिणारी कुणीतरी आपल्यातलीच असावी लागते.

आपल्या भागात बायकांनी सार्वजनिक काम करणे नवे नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात टिळकवाडीच्या परिसरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यासाठी हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी स्वयंसेविका उभ्या केल्या होत्या. पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा कर्नाटकात १९८३ च्या कायद्याने आल्या, म्हणजे देशभर त्या आणणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या बरीच वर्षे आधी, आणि २०१० पासून त्या निम्म्या झाल्या. आपल्याच जिल्ह्यातील सीताव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी देवाला सोडलेल्या या बाईंनी त्याच वाटेवर ढकलल्या गेलेल्या बायकांची संघटना बांधली. मात्र या मोठ्या नावांच्या मागे ज्या शेकडो जणी आहेत, त्यांचे अनुभव कुठेच लिहिलेले नाहीत.

म्हणून हा धागा. गावासाठी, वाड्यासाठी, गल्लीसाठी तुम्ही केलेल्या कामाचा अनुभव येथे लिहा. नाव देऊ नका, कचेरीचे किंवा माणसाचेही नको. तालुका तेवढा सांगा. पहिला अर्ज कुणी लिहिला आणि त्याचे पुढे काय झाले, हे जरूर सांगा.

खानापूर तालुका, जंगलपट्टी

आमच्याकडे भाताची मळणी झाली की गड्यांनी गोव्याला कामाला जायचे आणि बायकांनी दुसऱ्याच्या शेतात, ही जुनी रीत आहे. शेतात एकाच बांधावर दिवसभर वाकले तरी बाईचा रोज गड्यापेक्षा कमी असतो. रोजगार हमीच्या कामावर मात्र दोघांना एकच मजुरी मिळते, हे मला २०१९ मध्ये कळले. त्या वर्षी ती दिवसाला २४९ रुपये होती. आमच्या स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बायकांच्या बचतगटाच्या, मिटिंगला शेजारच्या गावातील एक अक्का आल्या होत्या, त्यांनी नमुना ६ म्हणजे काम मागण्याचा अर्ज दाखवला आणि तो आम्ही तिथेच भरला.

पंचायतीत गेलो तर "ठेवून जा" म्हणाले. आम्ही ठेवून आलो. महिना गेला तरी काही हालचाल नाही. अक्कांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "पोच कुठे आहे?" पोच हातात असेल तर पंधरा दिवसांत काम द्यावे लागते, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, आणि पोच नसेल तर तुम्ही तिकडे गेलाच नव्हता असे होते, हे त्यांनी आम्हाला नीट समजावले.

दुसऱ्या खेपेला आम्ही बावीस जणी गेलो. मी अर्जाच्या दोन प्रती केल्या होत्या आणि कानडीत म्हणायचे वाक्य बसमध्ये पाठ करत होते. "स्वीकृती कोडी," म्हणजे पोच द्या, एवढेच ते वाक्य. साहेब मिटिंगला गेले आहेत, शिक्का कपाटात आहे, किल्ली दुसऱ्याकडे आहे, असे एकेक ऐकत आम्ही दुपारपर्यंत व्हरांड्यात बसलो. लहान पोरे पायरीवरच झोपली. कुणीही आवाज चढवला नाही, पण उठलेही नाही. तीनच्या सुमाराला शिक्का निघाला. शाई सुकलेली होती म्हणून तो अर्धाच उमटला, तारीख मात्र वाचता येत होती. घरी आल्यावर मी तो कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

बाराव्या दिवशी गावतळ्याचा गाळ काढायचे काम सुरू झाले. त्या पावसाळ्यानंतर जनावरांना मार्चपर्यंत पाणी पुरले, एरवी ते जानेवारीतच आटायचे. पुढे मी कायकबंधू झाले. दुसरीकडे ज्याला मेट म्हणतात, त्याला आमच्याकडे कायकबंधू म्हणतात. हजेरी मांडणे आणि प्रत्येकीच्या वाट्याचा खड्डा टेपाने मोजून देणे, हे माझे काम. मोजमाप नीट झाले नाही तर मजुरी कापली जाते, म्हणून मी लांबी-रुंदी-खोली मराठीत एका वहीत आणि कानडीत दुसऱ्या वहीत लिहिते. २०२३ पासून कामावरच्या बायकांचे मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून पाठवणे सक्तीचे झाले. आमच्या रानात रेंज नाही. फोटो काढायचा आणि तो पाठवण्यासाठी टेकाड चढायचे, हे मी रोज केले, कारण फोटो गेला नाही तर त्या दिवसाची हजेरी लागत नाही आणि उन्हात राबलेल्या बाईला ते सांगायचे तोंड मला नव्हते.

निपाणी तालुका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा आणि दूधगंगा दोन्ही फुगल्या, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. आम्ही काही जणी तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. वखारी बंद होत्या, हात रिकामे होते. पहिल्या दिवशी आम्ही चपात्या केल्या, गरम गरम प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरल्या आणि पाठवल्या. पिशवीत वाफ धरून त्या रात्रीपर्यंत आंबल्या. एवढे पीठ, एवढे हात वाया गेले याचे वाईट अजून वाटते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, धोतराच्या पांढऱ्या कापडावर पसरून गार केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी दिली. त्या दोन दिवस टिकल्या.

खरी चूक वेगळीच होती, ती उशिरा लक्षात आली. रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीन वेळा पाकिटे मिळत होती आणि आतल्या वस्तीला काहीच पोचत नव्हते. जुन्या साड्यांचे ढीग आले, पण परकर कुणी पाठवले नाहीत, पाळीचे कापड किंवा पॅड तर नाहीच. आणि गड्यांनी भरलेल्या टेम्पोसमोर उभे राहून ते मागायला आमच्या मुली लाजत होत्या. तेव्हा आम्ही दोनशे पानी वही घेतली आणि शाळेतल्या छावणीत खोलीखोलीतून फिरलो. घरात माणसे किती, तान्हे मूल आहे का, कोण गरोदर आहे, कुणाला साखरेची गोळी लागते, कुणाला पॅड लागतात, असे रकाने आखले. त्या वहीवरून पहिली यादी तालुक्याला दिली, खाली सात जणींच्या सह्या होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले तेव्हा आम्ही तीच वही काढली. त्या वेळी पहिल्याच दिवशी आतल्या वस्तीतल्या दोन गरोदर बायका ट्रॅक्टरवरून बाहेर आणल्या, कारण त्यांचे घर कुठे आहे हे आम्हाला माहीत होते.

(वरील दोन्ही अनुभव वाचून अनेकींनी वहीतील रकाने मागितले आहेत. ते असेच उतरवून घ्या. कापडाचा रकाना मात्र गाळू नका. – धागाकर्ती)

हुक्केरी तालुका

मी अडीच वर्षे ग्रामपंचायतीची अध्यक्षा होते. महाराष्ट्रातील माझ्या नणंदेला मी सरपंच झाले असे सांगावे लागते, नाहीतर तिला कळत नाही. पहिले आठ महिने खुर्चीवर माझे पती बसत आणि मी घरी आलेल्या कागदांवर सही करत असे. यात मला त्या वेळी वावगे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. एके दिवशी एका विधवा बाईने मला विहिरीवर अडवून विचारले की माझ्या घराचा अर्ज तुम्ही का नाकारलात. मी तो कागद पाहिलाही नव्हता, पण खाली सही माझीच होती. त्या रात्री मी पतींना म्हणाले, उद्यापासून मी येते, तुम्ही सोडायला या आणि न्यायला या. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली. मला कानडी वाचायला अडखळायला होई, म्हणून ठराव मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करणार नाही असा नियम मी केला. त्यामुळे मिटिंग लांबत, पण बाकीच्या बायका सदस्यांनाही कळू लागले की आपण कशाला हात वर करतो आहोत. त्या बाईचे घर माझ्या मुदतीत मंजूर झाले नाही. पुढच्या अध्यक्षांच्या काळात झाले.

बेळगाव तालुका, पश्चिम भाग

मी पंचायतीची कचऱ्याची गाडी चालवते. आमच्या संघाने पंचायतीशी करार केला आणि मला चारचाकी शिकायला पाठवले. पहिल्या महिन्यात पोरे गाडीमागून ओरडत आणि माझी सासू दारे लावून घेई. आता तीच ओला-सुका वेगळा करून दारात उभी असते. ज्या घरातून वेगळा केलेला कचरा येत नाही, तिथे मी भांडत नाही, खाली उतरून त्यांच्यासमोर दोन्ही हातांनी वेगळा करते. दोन-तीनदा असे केले की घरातली माणसे स्वतःच करू लागतात. रताळ्याच्या हंगामात वेलांचे ढीग रस्त्यावर येतात तेवढे मात्र अजून आवरत नाहीत.

चिक्कोडी तालुका

मी अंगणवाडीत काम करते. आमच्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्मावर लोकांची श्रद्धा आहे, माझीही आहे. मुलींना देवाला सोडण्यास बंदी करणारा कायदा कर्नाटकाने १९८२ मध्ये केला, तरी एखाद्या घरात मुलीच्या केसांत जट दिसली की देवीचे बोलावणे आले अशी कुजबुज सुरू होतेच. अशा एका घरी मी चार महिने नेमाने जात होते. कायदा मी एकदाच सांगितला. बाकी दिवस खोबरेल तेल, फणी आणि कात्री घेऊन जायची, आईशी बोलत बसायची. आई स्वतः त्याच वाटेने गेलेली होती. एका सकाळी तिनेच कात्री मागितली. शाळेत नाव घालताना बापाचे नाव विचारून आम्हाला परत पाठवले, तेव्हा तिच्या आईनेच कोऱ्या कागदावर अर्ज लिहायला लावला, "मुलीच्या नावापुढे माझे नाव लावावे." माझ्या नोकरीतला सर्वांत लहान अर्ज तोच. मुलगी आता नववीत आहे.

खानापूर तालुका, मलप्रभेकाठ

मी बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, कानडी दुसरी भाषा म्हणून होती. लग्नानंतर गावात कळले की कानडी लिहिता येणारी बाई मी एकटी आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे पेन्शनचे, विजेच्या खांबाचे, बसच्या फेरीचे कागद येऊ लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, घरातील कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार रुपये येणार म्हटल्यावर तर ओसरीवर जागा उरली नाही. मी दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बसू लागले. त्याच वर्षी जूनपासून बायकांना बसप्रवास मोफत झाला होता, त्यामुळे अर्ज लिहून झाला की दोघी-तिघी मिळून लगेच तालुक्याला जात आणि संध्याकाळी पोच घेऊन परत येत. पूर्वी भाड्यासाठी घरात पैसे मागावे लागत आणि अर्धे अर्ज तिथेच अडत.

मात्र सगळे माझ्याच हातून लिहिले जाते, हे मला बरे वाटेना. मी आजारी पडले त्या महिन्यात एकही अर्ज गेला नाही. म्हणून मी आता स्वतः लिहून देत नाही. कोऱ्या कागदावर कानडी अक्षरे पेन्सिलने पुसट काढते आणि जिचा अर्ज तिने त्यावरून पेन फिरवायचे. वेळ तिप्पट लागतो, काही जणी रागावतात, शेतावरून दमून आलेल्या बाईवर हे लादणे बरोबर आहे का हा प्रश्न मलाही पडतो. पण गेल्या पावसाळ्यापासून चार जणी पेन्सिलीशिवाय तारीख, गावाचे नाव आणि "यांना" पर्यंतचा मायना लिहू लागल्या आहेत. त्यांतल्या एक आज्जी सत्तरीच्या पुढच्या आहेत. गेल्या गुरुवारी मला यायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा त्या खांबाला टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, शेजारणीच्या अर्जावर गावाचे नाव घालत होत्या.